दोन इंजिनांतून एक आरएक्स १००: कुठल्या इंजिनाचं काय घ्यावं?

जॉबरचा_मुलगा (सोलापूर)

नमस्कार मंडळी. गाडी यामाहा आरएक्स १००, १९९२ ची, एमएच १३ पासिंग. वडिलांनी नवी घेतलेली. ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे, होते. रात्रपाळी सुटली की पहाटे गल्लीच्या तोंडाशी या गाडीचा आवाज यायचा आणि आई चहाचं आधण ठेवायची. आता वडिलांच्या गुडघ्यांना किक झेपत नाही, म्हणून गाडी मी चालवतो. ती विकायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कोजागिरीला सोलापूरहून हजारो लोक तुळजापूरला चालत जातात. आमच्या गल्लीची मंडळी दरवर्षी तामलवाडीजवळ त्यांना चहा देतात. त्या दिवशी मी दुधाचे दोन कॅन बांधून निघालो होतो. चौथा गिअर, रेस पूर्ण ओढलेली, ऊन रणरणतं. तामलवाडीच्या अलीकडे इंजिनाचा आवाज एकदम आवळल्यासारखा झाला, ओढ गेली आणि मागचं चाक अडकलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. पंधरा मिनिटांनी किक खाली गेली, पण आतून खडखड ऐकू येत होती. दूध दुसऱ्याच्या गाडीवर पाठवलं आणि मी टेम्पोची वाट बघत थांबलो.

आरएक्स १०० १९९६ ला बंद झाली. आता बाजारात 'ओरिजिनल' म्हणून जे मिळतं त्यातलं ओरिजिनल किती, हे हातात धरल्यावरच कळतं. म्हणून बार्शीच्या एका भंगारवाल्याकडून अख्खं दुसरं इंजिन साडेसात हजारांना उचललं. गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर अंगणात फाटकी चादर अंथरून दोन्ही इंजिनं शेजारी-शेजारी खोलली. कुठला नट कुठला, ते कळावं म्हणून माझ्या इंजिनाचे सुटे भाग डाव्या हाताला लोणच्याच्या बरण्यांत आणि बार्शीच्या इंजिनाचे उजव्या हाताला पत्र्याच्या डब्यांत ठेवलेत.

माझं इंजिन: ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो) याआधी तीनदा बोअर झालाय, म्हणजे भोक कापून मोठं केलंय. पिस्टनवर १.०० चा शिक्का आहे, म्हणजे शेवटचा साईज. आता सायलेन्सरच्या बाजूला नखाला लागतील अशा खोल रेघा. कनेक्टिंग रॉड बोटात धरून वर-खाली केला की टक-टक वाजतो. दुसरा गिअर वर्षभर अधूनमधून निसटायचा, आणि आता गिअरची दातरं गोल झालेली दिसतात. चेंबर, म्हणजे क्रँक (रॉड ज्याला फिरवतो तो दांडा) आणि गिअर ज्यात बसतात ते खालचं घर, मात्र निर्दोष आहे, एकही वेल्डिंग नाही.

बार्शीचं इंजिन: ब्लॉक स्टँडर्ड. मायक्रोमीटरने वरच्या बाजूला ५०.०४ दाखवतो, पण भोकावर गंजाचे ठिपके आहेत आणि बाहेरचा एक पंखा (फिन) तुटलाय. क्रँकला वर-खाली खेळ अजिबात नाही. गिअर बघून तर मन हरखलं, धारा अगदी कोऱ्यासारख्या आहेत. चेंबरला मात्र चेनच्या छोट्या चाकामागे वेल्डिंगचा लांब व्रण. कधीतरी चेन तुटून गुंडाळली असणार.

आता माझे प्रश्न. बार्शीचा क्रँक माझ्या चेंबरमध्ये सरळ बसेल का? वेल्डिंग फक्त डाव्या चेंबरला आहे, तर उजवा त्यांचा आणि डावा माझा अशी जोडी चालेल का? त्यांचा उजवा भाग आतून जास्त स्वच्छ आहे म्हणून विचारतो. गिअर फक्त दुसरा बदलावा की सगळा संच? आणि ब्लॉक त्यांचा घ्यायचा, की माझ्या ब्लॉकला नवीन स्लीव्ह मारायची?

ऑईल पंप पंधरा-वीस वर्षांपूर्वीच काढलेला आहे. पेट्रोलमध्ये लिटरला ३० मिली टू-टी ऑईल मिसळतो, त्यात कधी चुकलो नाही.

लेथवाला (सोलापूर)

मालक, दोन्ही इंजिन एकदम खोललात आणि डबे वेगळे ठेवलात, हे लई चांगलं केलात. तीस वर्षं मी टू-स्ट्रोकचं काम केलो. पण तुमच्या एवढ्या लिखाणात एक प्रश्न आलाच नाही: इंजिन जाम कशानं झालं? ऑईल बरोबर होतं म्हणता, बोअर जुना होता म्हणजे पिस्टन टाईट नव्हता. मग कारण अजून तुमच्या अंगणातच कुठंतरी पडलंय. ते न शोधता नवा पिस्टन टाकलात तर पुढच्या कोजागिरीला परत तामलवाडी.

आधी तीन गोष्टी बघून सांगा. पिस्टनवर घासल्याच्या खुणा नेमक्या कुठं आहेत? चार कोपऱ्यांत असतील तर क्लिअरन्स कमी होता. इनटेकच्या बाजूला असतील तर ऑईल किंवा धूळ. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर उष्णता, आणि उष्णता बहुतेक वेळा हवा जास्त झाल्यानं होते. दुसरं, प्लगचा रंग. चहासारखा तपकिरी की चुन्यासारखा पांढरा? तिसरं, मॅग्नेट काढून मागची प्लेट बघा. कोरडी आहे का तेलकट काळी?

आता तुमच्या प्रश्नाचं. चेंबरची जोडी फोडायची नाही. कारखान्यात दोन्ही भाग एकत्र जोडून बेरिंगची भोकं कापतात. एक भाग ह्याचा न् एक त्याचा घेतलात तर नट सगळे बसतील, पण दोन बेरिंगांची सरळ रेघ राहीलच असं नाही. क्रँक हातानं फिरवताना जड लागेल, आणि पाच हजार किलोमीटरच्या आत बेरिंग गुरगुरायला लागतील. आतून काळं आहे ते रॉकेलनं धुतलं की जातं.

जॉबरचा_मुलगा

काका, तुमचं वाचलं आणि तसाच अंगणात गेलो. पिस्टनच्या खुणा फक्त सायलेन्सरच्या बाजूला आहेत. प्लग पांढरा. मॅग्नेटची प्लेट तेलकट, काळी, बोट फिरवलं तर बोट माखलं. डाव्या बाजूचं क्रँकचं सील हातात घेतलं तर त्याचं ओठ प्लॅस्टिकसारखं कडक, दाबलं तरी दबत नाही.

आणि आता आठवतंय. गेल्या उन्हाळ्यापासून सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो की रेस सोडली तरी इंजिनाचा आवाज लगेच खाली यायचा नाही. दोन-तीन सेकंद तसंच ओरडायचं. एका गॅरेजला दाखवली होती. त्यांनी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून आयडल कमी करून दिलं. मी तेवढ्यावर समाधान मानलं. गाडी सहा महिने मला सांगत होती, आणि तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

लेथवाला

मग कारण सापडलं मालक. टू-स्ट्रोकला खालचं चेंबर म्हणजे पंपच. पिस्टन वर जातो तेव्हा तिथं ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल, हवा, ऑईल आत येतं. डावं सील गेलं की मॅग्नेटच्या बाजूनं नुसती कोरडी हवा आत शिरते. तिच्यात पेट्रोल नाही न् ऑईलही नाही. म्हणजे मिश्रण पातळ आणि वंगण कमी, दोन्ही एकदम. कार्बोरेटरमध्ये कितीबी जेट बदला, उपयोग नाही. उजव्या बाजूचं सील गेलं तर उलटं होतं: क्लचकडचं गिअर ऑईल आत ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑईल कमी होत जातं. दोन्ही सील नवीन टाका. जुन्या इंजिनातलं सील चांगलं दिसलं तरी घेऊ नका, रबराला वय असतं.

इंजिन जोडल्यावर, गाडीत चढवायच्या आधी हवेची टेस्ट करा. घरात बीपीचं जुनं यंत्र असेल तर त्याचा फुगा आणि घड्याळ वापरा. सायलेन्सरचं तोंड सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्रा लावून बंद करायचं. कार्बोरेटर जिथं बसतो तिथं रबरी बूच, त्यातून नळी. पिस्टन सगळ्यात खाली, प्लग घट्ट. २५० पर्यंत दाब भरा, म्हणजे साधारण ५ पीएसआय. त्याच्या वर नको, सील बाहेर ढकललं जाईल. पाच मिनिटं काटा जवळजवळ हलायला नको. हलला तर साबणाचा फेस लावून बुडबुडा शोधा.

क्रँक घेऊन या, डायल गेजवर फिरवून बघू. वर-खाली खेळ नाही म्हणजे चांगला, असं डोळे झाकून धरू नका. बंद पडलेल्या इंजिनात पाणी शिरलं असेल तर मोठ्या पिनेवर गंज बसतो. तो खेळ दाखवत नाही, फिरवताना बोटाला किरकिर लागते.

नीलम_नगर

दादा, ब्लॉकचं बोलणं चाललंय म्हणून. कुणी ना कुणी सांगेलच की १३५ चा ब्लॉक बसवून टाका, स्ट्रोक दोन्हीचा ५० मिमीच आहे, फक्त बोअर ५० ऐवजी ५८. ऐकू नका. आरसी बुकावर ९८ सीसी लिहिलंय.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंजिन नंबर चेंबरवर कोरलेला असतो. बार्शीचं चेंबर वापरलं असतं तर आरसीवरचा नंबर जुळला नसता. इंजिन बदलायचं झालं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. १९९२ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं कधीच उलटली, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागते आणि तिथे नंबर तपासतात. माझ्या चुलत्यांची गाडी यातच महिनाभर अडकली होती. तुमचं स्वतःचं चेंबर चांगलं आहे हे नशीब समजा. आणि भंगारवाल्याकडून त्या इंजिनाची पावती घेतली नसेल तर अजून घ्या.

गिअरबॉक्स_बार्शी

आमच्या गावचं इंजिन म्हणून लिहिते. माझा भाऊ आणि मी मिळून तीन आरएक्स उभ्या केल्या आहेत.

एकटा दुसरा गिअर बदलू नका. जे दोन गिअर एकमेकांत फिरतात ते जोडीनेच झिजतात. जुन्यावर नवा चढवला की गुणगुणतो. आणि गिअर निसटतो तो दातांमुळे कमी, गिअरच्या बाजूला असलेल्या गुटख्यांच्या (डॉगच्या) धारा गोल झाल्यामुळे जास्त. गुटखे ज्या शेजारच्या गिअरच्या खाचेत अडकतात ती खाचही झिजलेली असते. म्हणून बार्शीचे दोन्ही शाफ्ट गिअरांसकट जसेच्या तसे उचला, गिअर सरकवणारे काटेही त्यांचेच. काटा काचेवर ठेवून बघा, वाकलेला असेल तर डगमगतो.

हाच नियम पुढेही आहे. क्रँकवरचा छोटा गिअर आणि क्लचचा मोठा गिअर एकाच इंजिनातले घ्या. मॅग्नेट आणि त्यामागची कॉईल प्लेटही एकाच इंजिनातली घ्या.

बेरिंग बसवताना हातोडी नको. चेंबर गरम, बेरिंग थंड. अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे बेरिंग आपोआप खाली बसतं. आम्ही शेगडीवर भाकरीचा तवा ठेवून त्यावर चेंबर तापवतो. पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन उडाला पाहिजे. बेरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये.

जॉबरचा_मुलगा

सगळ्यांचे आभार मानतो, आणि काय झालं ते सविस्तर सांगतो. लेथवाल्या काकांकडे दोन्ही क्रँक घेऊन गेलो होतो. काकांनी बार्शीचा क्रँक पेट्रोलने धुतला, रॉड कानाजवळ धरून हळू फिरवला आणि नुसती मान हलवली. मलाही बोटाला जाणवलं, वाळू चाळल्यासारखं. प्रेसवर खोलला तर पिनेवर तांबूस गंजाचे डाग. ज्याच्यासाठी साडेसात हजार घातले तो क्रँक कामाचा निघाला नाही. म्हणून माझ्याच क्रँकच्या दोन चकत्या ठेवल्या आणि नवीन रॉड, पिन, बेरिंगचा किट बसवला. काकांनी दोन तास तांब्याच्या हातोडीने टकटक करून क्रँकचा डोल डायल गेजवर ०.०२ मिमीपर्यंत आणला. वडील माझ्याबरोबर आले होते. यंत्रमागाच्या शाफ्टची लाईन त्यांनी आयुष्यभर अशीच डोळ्यांनी आणि हाताने लावली. ते काट्याकडे बघत होते आणि काकांच्या हाताकडेही. दोघे एकमेकांशी फारसं बोलले नाहीत, पण काकांनी प्रत्येक ठोक्यानंतर गेज वडिलांकडे वळवून दाखवलं.

ब्लॉक बार्शीचा. पिस्टन आधी आणला आणि त्याच्या मापाने बोअर केला. ०.२५ ला गंजाचे दोन ठिपके राहिले, म्हणून ०.५० ला जावं लागलं. बोअर ५०.५०, पिस्टनला ०.०४ ची जागा. हिशोब केला तर ५०.५० बोअर आणि ५० स्ट्रोकला १०० सीसीच्या किंचित वर येतं. बोअरिंगनंतर पोर्टच्या (ब्लॉकच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडा चाकूसारख्या धारदार राहतात, त्यात रिंग अडकू नये म्हणून काकांनी बारीक तासून गोल केल्या. तुम्ही कुठेही काम करून घ्या, हे झालंय का ते ब्लॉक हातात घेतल्यावर बोट फिरवून बघा. माझ्या आधीच्या ब्लॉकला ते केलेलं नव्हतं.

रिंग ब्लॉकमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तोंडाची फट मोजली, ०.२० आली. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगचं तोंड खाचेतल्या छोट्या पिनेवर, आणि गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) लॉकची दोन्ही तोंडं खाचेपासून लांब. लॉक नवीनच टाकले. गिअरचा संच ताईंनी सांगितला तसा अख्खा उचलला. क्लच, मॅग्नेट आणि कॉईल प्लेट माझीच राहिली. चेंबर तव्यावर तापवलं, बेरिंग नुसतं सोडलं आणि ते टक् आवाज करत तळाशी बसलं. तो आवाज ऐकायला आईसुद्धा बाहेर आली होती.

मग बीपीचं यंत्र. पहिल्यांदा २५० वरून मिनिटात १८० वर आलं. पोटात गोळा आला, नवीन सीलच गळतंय असं वाटलं. साबण लावला तर बुडबुडा रीडच्या (कार्बोरेटरमागच्या पातळ पट्टीच्या व्हॉल्व्हच्या) पॅकिंगजवळ. पॅकिंग बरोबर होतं, खालच्या पृष्ठभागावर जुन्या पॅकिंगचा नखाएवढा तुकडा चिकटून राहिला होता. खरवडला, नवीन पॅकिंग टाकलं. दुसऱ्या वेळी पाच मिनिटांत २५० चं २४४. वडिलांनी स्वतः मनगटावरच्या घड्याळात वेळ लावली.

किक मी मारली. चौथ्या किकला सुरू झालं. सिग्नलला बसून ऐकायचो त्यापेक्षा आवाज वेगळा आहे. रेस सोडली की लगेच खाली येतो.

पहिले ५०० किलोमीटर लिटरला ४० मिली ऑईल, चौथ्या गिअरला जास्तीत जास्त चाळीस-पंचेचाळीस, आणि सतत एकाच वेगाने नाही. एप्रिल आहे, दुपारी पारा चाळीसच्या वर, म्हणून सकाळी सातच्या आतच फिरवली. होटगी, कुंभारी, परत. ६२० किलोमीटर झाले. प्लग चहाच्या रंगाचा आहे. गिअर ऑईलची पातळी पहिल्या दिवशी होती तिथेच. मिसळलेलं पेट्रोल आता टाकीत साठवून ठेवत नाही. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि बार्शीच्या क्रँकवरचा गंज बघितल्यावर गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करायचं ठरवलंय.

एक गोष्ट राहिली, काका. तुळजापूरहून उतरताना रेस बंद करून गिअरमध्ये गाडी सोडून द्यायची सवय आहे. पंप नसल्यामुळे त्यात काही धोका?

लेथवाला

हाय की. तुमचं ऑईल पेट्रोलबरोबरच येतं. रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे ऑईलबी बंद, आणि इंजिन तर उताराच्या जोरावर फिरतच असतं. उतारावर अधूनमधून क्लच दाबून रेस थोडी द्या, पिस्टनला ऑईल मिळतं. पंप परत बसवायचा असेल तर बार्शीच्या इंजिनावर होता का बघा. असला तर घेऊन या, साफ करून देतो.

जॉबरचा_मुलगा

आहे काका, उजवीकडच्या डब्यातच होता. रविवारी आणतो. बार्शीचं वेल्डिंग केलेलं चेंबर मोडीत देणार आहे, नंबर खरवडून कुणाला देणार नाही. किकचा शाफ्ट आणि हेड चांगलं आहे, सोलापुरात कुणाला खरंच गरज असेल तर इथे लिहा, तसंच देईन.